परदेशातील रुग्णशय्या आणि मायबोली

(परदेशस्थ मुलांच्या पालकांसाठी भरलेल्या मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या प्रत्येकाचे चार-चार गुण तेथे मोजून दिलेले आहेत. वैद्य ज्ञानी असावा, औषध गुणयुक्त असावे, परिचारक दक्ष असावा, हे सर्वांना सहज पटते. परंतु रुग्णाच्या अंगीही चार गुण असावे लागतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. स्मरणशक्ती, सांगितलेले पथ्य पाळण्याची वृत्ती आणि निर्भयता हे पहिले तीन. चौथा गुण ‘ज्ञापकत्व’. ज्ञापकत्व म्हणजे शरीरात काय होत आहे, ते वैद्याला नीट कळविता येणे. रोगपरीक्षेचे जे तीन मार्ग आयुर्वेदाने सांगितले, त्यांतही दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला ‘प्रश्न’ आहेच. डोळ्यांनी पाहणे आणि हातांनी चाचपणे यांना भाषा लागत नाही. प्रश्नाला मात्र लागते.

आज महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांतील मुले परदेशात आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना तेथे वैद्य उत्तम मिळतो, औषध उत्तम मिळते, परिचारिकाही कुशल असतात. जो गुण हरवतो तो रुग्णाचा चौथा. स्वतःच्या गावी चार वाक्यांत दुखणे सांगणारा माणूस परक्या देशातील रुग्णालयात एकाएकी मुका होतो. हा मुकेपणा किती महागात पडतो आणि त्यावर संघटित समाज काय उपाय करू शकतो, हा आजचा विषय आहे.

सुसज्ज रुग्णालय, अबोल रुग्ण

या प्रश्नाचे स्वच्छ रूप पाहायचे तर जपानकडे पाहावे. कारण तेथे वैद्यकीय सोयींची वानवा नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी नागरिकालाही सार्वजनिक आरोग्य विम्यात सहभागी व्हावे लागते, आणि मग उपचारखर्चाचा साधारणतः ३० टक्के भागच त्याला स्वतः भरावा लागतो. ११९ क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका येते आणि तिचे भाडे द्यावे लागत नाही. म्हणजे पैसा आणि सोय हे दोन्ही अडथळे बऱ्याच अंशी दूर झालेले आहेत. उरतो तो संवादाचा अडथळा.

२०२४ च्या अखेरीस जपानमधील परदेशी रहिवाशांची संख्या ३७ लाखांवर गेली होती. त्यांत चिनी, व्हिएतनामी, कोरियन, फिलिपिनो, नेपाळी आणि ब्राझिलियन मोठ्या संख्येने आहेत. भारतीयांची संख्याही पन्नास हजारांच्या पुढे आहे. मराठी माणसाचा जपानशी संबंध जुना आहे. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन कित्येक दशके चालू आहे. इ. स. २००० च्या सुमारास संगणक-प्रणालीच्या कामासाठी भारतीय अभियंते तोक्योला जाऊ लागले आणि तेथील एदोगावा प्रभागातील निशिकासाई हा भाग भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जाऊ लागला. याच प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक निवडून आले.

परंतु या वस्तीतील एखाद्या घरात डोकावले, तर चित्राची दुसरी बाजू दिसते. नोकरी करणाऱ्या मुलाचे काम इंग्रजीवर भागते. त्याच्या पत्नीचा संबंध दुकानदाराशी, शाळेशी, बालरोगतज्ज्ञाशी येतो. तेथे इंग्रजी फारशी चालत नाही. आणि नातवंडाच्या जन्मासाठी भारतातून गेलेल्या आजी-आजोबांना तर ना जपानी येत, ना बोलण्याइतके इंग्रजी. थोड्या दिवसांच्या भेटीवर गेलेले असल्यामुळे त्यांना तेथील सार्वजनिक विमाही लागू होत नाही. कुटुंबात आजारी पडण्याची शक्यता सर्वांत अधिक असलेली माणसेच भाषेच्या दृष्टीने सर्वांत असहाय असतात.

वेदनेचे शब्द

जपानी रुग्णालयात डॉक्टरांची भेट होण्यापूर्वी रुग्णाच्या हाती एक प्रश्नावली येते. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, कसे दुखते, पूर्वी कोणते आजार झाले, कोणत्या औषधाचे वावडे आहे, असे प्रश्न तीत असतात. यांतील ‘कसे दुखते’ हा प्रश्न सर्वांत कठीण. जपानी माणूस त्याचे उत्तर नादानुकारी शब्दांत देतो. ठोके पडल्यासारखे दुखत असेल तर ‘झुकीझुकी’, टोचल्यासारखे असेल तर ‘चिकुचिकु’, कातडी चरचरत असेल तर ‘हिरीहिरी’, मळमळत असेल तर ‘मुकामुका’, अंगावर थंडीचे शहारे येत असतील तर ‘झोकुझोकु’. हे शब्द परदेशी माणसाच्या पाठ्यपुस्तकात उशिरा येतात. व्याकरणाच्या परीक्षेत चांगले गुण मिळविणारा विद्यार्थीही दाताच्या डॉक्टरसमोर अडखळतो तो यामुळेच.

मराठी माणसाला यात अनोळखी असे काही वाटू नये. मराठीही याच जातीची भाषा आहे. गळू ठसठसते, जखम चरचरते, छाती धडधडते, घसा खवखवतो, पोट गुरगुरते, डोके भणभणते, अंगात कणकण असते. गावच्या डॉक्टरांना यांतील एकेक शब्द म्हणजे अर्धे निदान असते. ‘कणकण’ आणि ‘ताप’ यांतील अंतर त्यांना समजावून सांगावे लागत नाही. ‘गरगरते’ म्हटले की सभोवतालच्या वस्तू फिरत आहेत आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हटले की शुद्ध हरपण्याची वेळ आली होती, हे त्यांना कळते. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आणि तपासण्याही वेगळ्या. इंग्रजीत बोलताना मात्र घाईगर्दीत दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो आणि डॉक्टर चुकीच्या वाटेला लागू शकतात.

काही मराठी प्रयोग शब्दशः भाषांतरित केले, तर अनर्थच ओढवेल. ‘कमरेला नागीण झाली’ याचे शब्दशः भाषांतर ऐकून परदेशी डॉक्टर सर्पदंशाची लस शोधू लागेल. ‘पित्त झाले’ म्हणजे घशाशी आंबट येणे आणि ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर गांधी येणे. शब्द एकच, पण आजार निराळे; आणि परदेशी डॉक्टर ‘पित्त’ या शब्दावरून पित्ताशयाचा विचार करू लागतो तो भाग वेगळाच. ‘जीव घाबरा होतो’ हे वाक्य तर फारच जपून पोहोचवावे लागते. सत्तरीच्या आजींनी दरदरून घाम येत असताना हे शब्द उच्चारले आणि दुभाष्याने ‘त्यांना भीती वाटते’ एवढेच सांगितले, तर हृदयविकाराची सूचना मनाच्या अस्वस्थतेच्या खात्यात जमा होईल.

आकड्यांचेही असेच आहे. घरची वडील मंडळी ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. ‘एकशे दोन ताप होता’ हे वाक्य सेल्सियस वापरणाऱ्या जपानमध्ये अर्थशून्य ठरते, तेथे ३८.९ असे सांगावे लागते. रक्तातील साखर भारतात १२६ दिसते, तीच इंग्लंडमधील अहवालात ७ म्हणून छापलेली असते, कारण मोजण्याचे एकक वेगळे. हा ७ आकडा पाहून साखर एकदम उतरली अशा समजुतीने कोणी औषध थांबविले, तर दोष कोणाला देणार?

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावरही संकट संपत नाही. जपानी लिपीत ‘झायाकु’ हा शब्द दोन चित्राक्षरांनी लिहितात. एकाचा अर्थ बसणे, दुसऱ्याचा औषध. चित्राक्षरे ओळखणाऱ्याला वाटते, हे औषध बसून घ्यायचे असावे. वास्तविक ती गुदमार्गे घ्यावयाची वडी असते. ‘शोक्कान’ या शब्दाची अक्षरे ‘खाणे’ आणि ‘मध्ये’ अशी आहेत. जेवताना मध्येच गोळी घ्यावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण खरा अर्थ दोन जेवणांच्या मधल्या वेळी, म्हणजे जेवणानंतर सुमारे दोन तासांनी, असा आहे. या शब्दांपाशी पुष्कळदा खुद्द जपानी रुग्णही फसतात, मग परक्याची काय कथा!

दुभाषी कोण असावा?

अशा वेळी घरातील ज्याला भाषा येते तो दुभाषी होतो. बहुधा तो मुलगा, सून किंवा शाळेत जाणारे नातवंड असते. हेतू प्रेमाचा असतो, पण परिणाम अनेकदा घातक होतो.

दहा वर्षांच्या नातवाला आजीच्या गर्भाशयाच्या तक्रारी डॉक्टरांना सांगाव्या लागाव्यात, यात आजीची कुचंबणा आहे आणि नातवावर अन्याय आहे. आजी त्याच्यासमोर निम्मे बोलणारच नाही. पत्नीच्या वतीने पतीच सर्व उत्तरे देऊ लागला, तर तिला स्वतंत्रपणे काही सांगायचे असेल ते मनातच राहते. मुलगा वडिलांसाठी दुभाषी झाला, तर डॉक्टरांनी उच्चारलेला ‘कर्करोग’ हा शब्द तो बहुधा गाळतो. गंभीर आजार रुग्णापासून लपवावा अशी रीत भारतात आहे, जपानमध्येही ती दीर्घकाळ होती. इंग्लंड-अमेरिकेतील डॉक्टर मात्र रुग्णाला सर्व काही समजले आहे असे गृहीत धरून त्याची सही घेतात. मुलाने मायेपोटी केलेला हा मौनाचा अनुवाद वडिलांच्या निर्णयाचा अधिकार काढून घेतो. त्यांना काही कागदपत्रे पूर्ण करायची असतील, कोणाला भेटायचे असेल, मायदेशी परतायचे असेल. ती संधी निघून जाते.

एका शब्दाने काय होऊ शकते, याचे अमेरिकेतील उदाहरण जगभरच्या वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात सांगितले जाते. १९८० च्या जानेवारीत फ्लॉरिडा राज्यात विली रामिरेझ नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. क्यूबाहून आलेल्या त्याच्या कुटुंबीयांनी स्पॅनिशमध्ये ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधले आहे. ऐकणाऱ्यांनी तो इंग्रजीतील ‘इन्टॉक्सिकेटेड’ समजून अमली पदार्थाच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ लोटला आणि त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे खटल्यात जी तडजोड झाली, तिची त्याच्या उभ्या आयुष्यातील रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर होऊ शकेल अशी होती. विशेष म्हणजे त्या रुग्णालयात दुभाषी मागविण्याची गरज कोणाला वाटलीच नव्हती, कारण दोन्ही बाजूंना आपल्याला समजले आहे असेच वाटत होते. न समजण्यापेक्षा समजल्याचा भास अधिक धोकादायक असतो.

भाषा येऊनही संवाद तुटतो

यावरून कोणी म्हणेल, इंग्रजी उत्तम आले म्हणजे प्रश्न सुटला. तसे नाही, हे आयर्लंडमधील सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूने दाखवून दिले. बेळगावचे माहेर असलेल्या सविता स्वतः दंतवैद्य होत्या. त्यांना इंग्रजीची अडचण नव्हती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतरा आठवड्यांच्या गर्भावस्थेत त्यांना गॉलवे येथील रुग्णालयात दाखल केले गेले. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू असेपर्यंत ते शक्य नाही, असे त्यांना सांगण्यात आले. हा कॅथलिक देश आहे, असे उद्गार आपण काढल्याचे तेथील एका सुईणीने नंतर चौकशीत मान्य केले. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला सविता मरण पावल्या. त्या केवळ एकतीस वर्षांच्या होत्या.

२०१३ मधील अधिकृत तपासणी अहवालाने, त्यांचे प्राण वाचविण्याच्या दृष्टीने उपयोगी ठरू शकणाऱ्या तेरा संधी हुकल्याचे नमूद केले. दाखल होताना घेतलेल्या रक्ताचा सदोष अहवाल वेळीच पाहिला गेला नाही, प्रकृतीच्या नोंदी नियमाप्रमाणे झाल्या नाहीत. पुढे २०१८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने सार्वमत घेऊन आपल्या राज्यघटनेतील गर्भपातबंदीचे कलम रद्द केले. परक्या देशाची श्रद्धा, तेथील कायदा आणि डॉक्टरांच्या हातांवरील बंधने यांची माहिती नसेल, तर भाषा येऊनही माणूस अंधारातच असतो. ‘हे येथे होत नसेल तर कोठे होईल?’ हा प्रश्न वेळीच विचारण्यासाठी ती माहिती लागते.

लहान गोष्टींतही हेच दिसते. भारतीय माणूस होकारासाठी मान डावी-उजवीकडे डोलावतो; परदेशी परिचारिकेला तो नकार वाटतो. जपानी माणूस बोलणे चालू असताना ‘हाय’ म्हणतो, त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकत आहे’ एवढाच असतो. भारतीय रुग्ण तो होकार समजतो. डॉक्टरांना प्रतिप्रश्न करणे उद्धटपणाचे, हा संस्कार दोन्ही देशांत असल्यामुळे शंका दोन्हीकडे मनातच राहते. शाकाहारी रुग्णाने मांस खात नाही एवढे सांगितले, तरी माशाचा अर्क असलेले सूप त्याच्या ताटात येऊ शकते. औषधाच्या कुपीचे वेष्टण पुष्कळदा प्राण्यांच्या जिलेटिनचे असते, ते त्याच्या ध्यानीही नसते. एकादशीच्या उपवासाने साखर उतरलेल्या मधुमेही आजींच्या स्थितीचा उलगडा डॉक्टरांना होत नाही, कारण उपवासाबद्दल विचारावे हे त्यांना सुचत नाही आणि तो सांगण्यासारखा आहे असे आजींना वाटत नाही.

भूकंपाने दिलेला धडा

जपानी समाजाचा एक गुण घेण्यासारखा आहे. आपत्तीनंतर तो नुसता हळहळत बसत नाही. तिच्यातून व्यवस्था उभी करतो. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे आणि परिसरात झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आसरा कोठे आहे, पाणी कोठे मिळते, औषधोपचार कोठे होतो, हे कळत नसल्याने तेथील परदेशी रहिवाशांची दैना झाली. त्या अनुभवातून हिरोसाकी विद्यापीठातील भाषाभ्यासकांनी ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, घडविली. वाक्य लहान, कठीण संस्कृतप्रचुर शब्दाऐवजी रोजचा शब्द योजावा तसा चिनी वळणाच्या शब्दाऐवजी साधा जपानी शब्द, आणि एका वाक्यात एकच गोष्ट. आज ही सोपी जपानी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही शिकविली जाते.

त्याआधीच, १९९१ मध्ये, तोक्योत परदेशी रुग्णांना त्यांच्या भाषेत दूरध्वनीवरून मार्गदर्शन करणारे एक केंद्र ‘आम्दा’ या सेवाभावी वैद्यकीय संघटनेच्या पुढाकाराने सुरू झाले होते. कानागावा प्रांतातील स्वयंसेवी संस्थांनी रुग्ण-प्रश्नावली वीसहून अधिक भाषांत तयार केली. एका बाजूला जपानी व दुसऱ्या बाजूला रुग्णाची भाषा. रुग्णाने खूण करायची आणि डॉक्टरांनी ती वाचायची, इतके हे सोपे आहे. २०१२ पासून परदेशी रुग्णांची नीट सोय असलेल्या रुग्णालयांना प्रमाणपत्र देण्याची पद्धतही तेथे आहे. तरीही दुभाषी मिळणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क नाही आणि त्याचा खर्च आरोग्य विम्यातून मिळत नाही. म्हणून मोठ्या शहरात सोय, लहान गावात गैरसोय, अशी स्थिती आहे.

ऑस्ट्रेलियाने हे काम शासनाकडे घेतले. तेथे १९७३ मध्येच दूरध्वनीवरून दुभाषी पुरविणारी सेवा सुरू झाली. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याखाली २०१६ मध्ये जे नियम झाले, त्यांनी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास मनाई केली. मात्र इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवांत साहाय्य द्यावे असा जो अध्यक्षीय आदेश २००० मध्ये निघाला होता, तो मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आला आणि इंग्रजी ही राजभाषा घोषित झाली. परक्या शासनाची उदारता ही कायमची ठेव नव्हे, एवढा बोध यातून घ्यावा.

कर्तव्य कोणाचे?

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी असा आग्रह धरणाऱ्याने जपानने इंग्रजी बोलावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? ती करूच नये. जपानने आपले आधुनिक वैद्यक आपल्या शब्दांत उभे केले आहे. १७७४ मध्ये सुगिता गेम्पाकु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ, कोश जवळपास नसताना, शब्द-शब्द लावून अनुवादिला. मज्जातंतूसाठी त्यांनी घडविलेला ‘शिंकेई’ हा शब्द जपानी डॉक्टर आजही वापरतात. स्वभाषेवरील ही निष्ठा पूज्य आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात हिंदी माध्यमातील वैद्यकीय पुस्तकांचे प्रकाशन झाले, ते त्याच वाटेवरील उशिराचे पण योग्य पाऊल होते. म्हणून ज्या देशाचे अन्न खायचे, त्या देशाची भाषा शिकायची, हे परदेशस्थ हिंदूचे पहिले कर्तव्य आहे. घरातील स्त्रीला भाषेच्या वर्गास पाठविणे ही चैन नव्हे. ती कुटुंबाची आरोग्यसुरक्षा आहे.

परंतु कर्तव्याची ही मर्यादाही ओळखली पाहिजे. वेदना असह्य झाली, ताप डोक्यात गेला, भूल उतरू लागली, की शिकलेली भाषा प्रथम गळून पडते आणि आईची भाषा उरते. ओसाकामध्ये सारे आयुष्य जपानी बोलण्यात घालविलेले वृद्ध कोरियन स्मृतिभ्रंश झाल्यावर जपानी विसरून बालपणीच्या कोरियनमध्ये बोलू लागतात, असा तेथील शुश्रूषा करणाऱ्यांचा अनुभव आहे. अशा माणसाला ‘आमची भाषा का शिकला नाहीस?’ असे विचारता येत नाही. त्याच्या उशाशी त्याची भाषा जाणणारे कोणीतरी असावे लागते.

संघटित समाजाचे काम

ते ‘कोणीतरी’ कोण? येथे संघटनेचे प्रयोजन सुरू होते. जगातील अनेक शहरांत आज मराठी मंडळे आहेत, हिंदू स्वयंसेवक संघाच्या शाखा आहेत, मंदिरे आहेत. गणेशोत्सव आणि दिवाळी तेथे थाटात होतात. याच शक्तीतील थोडी शक्ती रुग्णसेवेकडे वळावी. स्थानिक भाषा उत्तम येणाऱ्या चार-सहा स्त्री-पुरुषांची नावे प्रत्येक शहरात निश्चित असावीत. त्यांनी वैद्यकीय शब्दांचा अभ्यास करावा, शक्य तेथे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. स्त्री-रुग्णासोबत स्त्रीच जावी. ऐकलेले सर्व सांगावे, पदरचे काही घालू नये, कटू असेल तेही गाळू नये, आणि रुग्णालयात कानी पडलेले उंबऱ्याबाहेर नेऊ नये. हा शेवटचा नियम मोडला, तर लहानशा वस्तीत दुसऱ्यांदा कोणीही विश्वास ठेवणार नाही.

मायदेशातून जाणाऱ्या पालकांनीही काही सिद्धता करावी. आजार, शस्त्रक्रिया, वावडी आणि चालू औषधे यांचा एक कागद इंग्रजीत आणि शक्यतो त्या देशाच्या भाषेत जवळ असावा. औषधाचे व्यापारी नाव परदेशात कोणी ओळखत नाही. मूळ नाव लिहावे. तेही देशागणिक बदलते. येथील पॅरासिटामॉल जपान-अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून ओळखले जाते. जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे एक महिना पुरतील एवढीच पूर्वपरवानगीशिवाय नेता येतात. तीन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत भरण्यापूर्वी अधिकृत अनुमतिपत्र घ्यावे लागते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतील घटकांवर तर तेथे बंदी आहे. विमा काढताना पूर्वीचा आजार त्यात धरला आहे की नाही, हे वाचूनच सही करावी.

आरसा

शेवटी एक आरसा आपल्यासमोरही धरला पाहिजे. पुण्यात आफ्रिका आणि पश्चिम आशियातील विद्यार्थी राहतात. मुंबईच्या रुग्णालयांत परदेशी रुग्ण येतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, बंगाल आणि ईशान्य भारतातून आलेली कुटुंबे दिवसेंदिवस थांबतात. मेळघाटातील कोरकू माता स्वतःच्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात येते आणि तिची भाषा तेथे कोणाला समजत नाही, कारण कोरकू ही मराठीच्या कुळातील भाषाच नव्हे. तोक्योत आपल्या सुनेशी जसे वागले जावे असे वाटते, तसे या साऱ्यांशी येथे वागले जाते काय?

परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्थांनी परगावच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना निवारा देऊन या कामाचा पाया घातलेला आहे. निवाऱ्यानंतरची पायरी वाणीची आहे. ज्या कार्यकर्त्याला बंगाली येते, आसामी येते, कोरकू येते, त्याने आठवड्यातील दोन तास एखाद्या रुग्णालयाला द्यावेत. त्याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही. रुग्णाशेजारी उभे राहून त्याचे शब्द डॉक्टरांपर्यंत आणि डॉक्टरांचे शब्द त्याच्यापर्यंत जसेच्या तसे न्यावे लागतात, इतकेच.

ज्यांची मुले आज परदेशी आहेत, त्या प्रत्येक घराने या आठवड्यात तेथे दूरध्वनी करून एकच विचारावे : अपरात्री दवाखान्यात जावे लागले, तर तुमच्या बाजूने बोलणारा कोण आहे? उत्तर मिळाले नाही, तर तो माणूस शोधण्याचे काम सारे निरोगी असतानाच हाती घ्यावे.